सॉ, झॉ आणि एक चुकीचं तिकीट

परक्या माणसाला आडनाव विचारू नये, हे शहाणपण मला पन्नाशी उलटल्यावर शारजाच्या एका लाँड्रीत आलं. तोवर मी शुद्ध मराठी पद्धतीनं जगत होतो. नाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की गाव, आणि गाव कळलं की 'मग तुम्ही त्या अमक्यांचे कोण?' इथवर गाडी गेल्याशिवाय मला ओळख झाल्यासारखंच वाटत नसे. या सवयीपायी मी दोन माणसांना परस्पर भाऊ करून टाकलं, एकाला वर्षभर भलतीच हाक मारली, आणि एकाला बक्षीस म्हणून जवळजवळ युद्धावर पाठवलं. तिन्ही कामं मी अत्यंत प्रेमानं केली, हे आधीच नमूद करतो.

धंदा सांगतो. शिक्षणानं मी टेक्स्टाइल इंजिनिअर. मुंबईतल्या ज्या गिरणीत लागलो तिनं माझ्यादेखतच मान टाकली, तेव्हा आखाताची वाट धरली. लग्नाच्या वेळी 'टेक्स्टाइल लाइन, यूएई' एवढंच सांगितलं होतं. सासरे पुढं शारजाला आले, आमची लाँड्री आतून-बाहेरून बघून गेले आणि परतताना विमानतळावर एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे कपडे फार स्वच्छ असतात हो."

दुबईतल्या मोठ्या हॉटेलात तुम्ही पांढऱ्याशुभ्र चादरीवर अंग टाकता, ती चादर बहुधा त्या हॉटेलात धुतलेली नसते. ती ट्रॉलीत बसून, दुबई-शारजाची ती जगप्रसिद्ध वाहतूककोंडी पार करून, आमच्यासारख्यांकडे येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोंडीतून परत जाते. चादरींच्या गुंडाळ्यांतून आमच्याकडे काय काय आलं! मोबाइल, अर्धा पिझ्झा, लग्नातल्या अंगठ्या आणि एकदा एक जिवंत कासव. कासवाबद्दल हॉटेलला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आमच्या यादीत कासव नाही."

धुऊन झालेली चादर ओलसर असतानाच तापलेल्या रोलरमधून जाते. एका बाजूनं ओली घालायची, दुसऱ्या बाजूनं पापडासारखी कडक बाहेर येते. डबल बेडची चादर घालायला दोन माणसं लागतात. एकेकानं एकेक कोपरा धरायचा, एका दमात ताणायचा, एका दमात सोडायचा. एकाचा हात जरा मागं राहिला की चादरीवर तिरकी चुणी पडते, आणि ती चादर पुन्हा धुण्यात. म्हणून रोलरवर जोडी जमावी लागते. जोड्या जमवणं हे माझं काम. लग्नं जुळवणाऱ्या मावशींचं असतं तसंच, फक्त आमच्याकडे घटस्फोट चहाच्या सुट्टीआधी होतात.

तर एकदा म्यानमारहून, म्हणजे आपल्या ब्रह्मदेशाहून, काही माणसं कामाला आली. आमच्या कॉम्प्युटरला नाव आणि आडनाव असे दोन खण भरल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात माझ्यापुढं दोन पासपोर्ट आले. एकावर झॉ मिन, दुसऱ्यावर सॉ मिन. आता तुम्हीच सांगा! मी म्हटलं, झाली कुणातरी कारकुनाची चूक. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर आमच्या आडनावाचा एक काना सांडलेला आहे, तो चुलतभावाकडे दोन झालाय. हे उघड उघड मिनांच्या घरातले दोन भाऊ. सॉ थोरला, चाळिशीकडे झुकलेला, दगडी चेहऱ्याचा. झॉ धाकटा, पंचविशीचा, सदा हसरा.

"भाई-भाई?" मी दोन बोटं जुळवून विचारलं.

झॉनं सॉकडे पाहिलं. सॉनं माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी जमिनीकडे पाहिलं. मी तो होकार धरला. कंपनीच्या राहण्याच्या जागेत त्यांना एकच खोली दिली आणि कामाला एकच रोलर. परदेशात भावाला भाऊ जवळ असावा, या माझ्या विचाराचं मलाच कौतुक वाटलं.

जोडी अशी जमली की विचारू नका. चादरीला चुणी म्हणून नाही. एक गोष्ट मात्र होती, दोघं बोलायचे नाहीत. त्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या घराण्यातही सख्खे भाऊ असेच असतात, विशेषतः बांधाचा विषय निघून गेला असला की. बोलावंच लागलं तर ते हिंदीत बोलत. लाँड्रीची हिंदी, तीही मलबारी वळणाची, कारण सगळ्यांना ती आमच्या फोरमननं, बशीरभाईंनी शिकवलेली.

"कोना पकड़ो."

"पकड़ा."

मी धन्य व्हायचो. कुणी हिंदुस्थानी पाहुणा लाँड्री बघायला आला की मी त्याला आवर्जून रोलरपाशी नेई. "बघा, सख्खे बर्मी भाऊ! आपसांत हिंदी बोलतात!" पाहुणा फोटो काढायचा. बशीरभाई मागं उभे राहून छताकडे बघायचे.

मग मंडालेचं प्रकरण झालं. मागच्या दाराशी ट्रक लागतात तिथं आम्ही चहा पीत होतो. मी झॉला सहज विचारलं, गाव कोणतं?

"मंडाले, सर."

मंडाले म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं दुसरं काय येणार? शाळेपासून पाठ झालेलं. मी आनंदानं ओरडलोच. "मंडाले! व्हेरी फेमस जेल! हमारा एक बहुत बड़ा आदमी उधर जेल में था!"

झॉचं हसू थांबलं. त्यानं कप खाली ठेवला. "आपका आदमी... छूटा?"

"छूटा, छूटा! छह साल बाद. अंदर बैठके इतना मोटा किताब लिखा!"

"लिखने देता है?" त्यानं विचारलं. इतक्या आशेनं विचारलं की मला वाटलं, या पोराला वाचनाची आवड दिसते.

"अरे, सौ साल पहले की बात है," मी हसत हसत म्हणालो.

"अच्छा. सौ साल," झॉ म्हणाला आणि उठून आत गेला. त्या दिवशी रोलरवर पहिल्यांदा चादर वाकडी गेली.

बशीरभाईंनी मला ट्रॉल्यांच्या आड ओढलं. शारजात त्यांचे केस काळ्याचे पांढरे झालेत, आणि माझ्याशी ते सरळ बोलू शकतात. "सर, उसका बड़ा भाई मंडाले का जेल में है. स्कूल टीचर. मिलिटरी ने सरकार लिया, तो टीचर लोग स्ट्राइक पे गया. उठाके अंदर डाला."

"सॉ टीचर था? सॉ तो इधर है!"

बशीरभाईंनी कपाळावर हात मारला. "सर, सॉ उसका भाई नहीं है. सारा लाँड्री को मालूम है. कैंटीन का बिल्ली को भी मालूम है. खाली आपको नहीं मालूम."

"मग एक वर्ष कुणी बोललं का नाही?"

"आप इतना खुश था, सर."

मी सॉला केबिनमध्ये बोलावलं. तो समोर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. मी म्हटलं, "सॉ, माफ करो, मेरे को लगा तुम दोनों का सरनेम..."

"सरनेम नहीं होता सर, हमारा लोग का. मेरा नाम मिन. उसका नाम झॉ मिन, पूरा. अलग नाम है."

"मग सॉ?"

"सॉ मतलब मिस्टर. हमारा कारेन लोग में आदमी के आगे लगता है."

मी हिशेब लावला. म्हणजे वर्षभर, त्या भट्टीसारख्या गरम शेडमध्ये, चाळीस माणसांदेखत मी ओरडत होतो, 'मिस्टर, यल्ला!', म्हणजे 'ए श्रीयुत, जरा हात चालव!' आणि श्रीयुत निमूटपणे हात चालवत होते.

"तू सांगायचंस तरी," मी मराठीतच म्हणालो. त्याला भाव कळला असावा.

"इज़्ज़त से बुलाता है, मैं सोचा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून हे थट्टेनं होतं की खरं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी त्यानं मला त्याचा देश समजावला. माझी कल्पना अशी की एक लष्कर असतं आणि एक जनता असते. सॉ म्हणाला, तसं नाही. मधल्या सपाटीवर बामा लोक, संख्येनं जास्त, भाषा त्यांची, सरकार त्यांचं, लष्करातले साहेब त्यांचे. झॉ त्यांतला. भोवतीच्या डोंगरांत कारेन, काचिन, शान, चिन असे कितीतरी, प्रत्येकाची बोली वेगळी, आणि बहुतेकांनी स्वतःची फौज उभी केलेली. कारेनांच्या डोंगरात लढाई सुरू आहे ती सॉच्या आजोबांच्या तरुणपणापासून. सॉ लहान असताना लष्करानं त्याचं गाव जाळलं. ते पुन्हा वसलं. अलीकडे त्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. आई नदी ओलांडून थायलंडातल्या निर्वासितांच्या छावणीत गेली, तिथंच वारली. बहीण पलीकडच्या सरहद्दीवरच्या गावात शिवणकाम करते.

"म्हणून त्याच्याशी बोलत नाहीस? पण या पोरानं काय केलं? त्याचा तर भाऊच आत आहे."

सॉ दाराबाहेर रोलरकडे बघत म्हणाला, "सर, जब हमारा गाँव जला, ये लोग टीवी देखता था. टीवी बोला, पहाड़ में डाकू है. ये लोग माना. अभी इसका शहर में गोली चला, तो अभी बोलता है, हम सब भाई है. मैं बोला, ठीक है. भाई है. लेकिन थोड़ा टाइम दो."

"और बर्मी भाषा? तेरे को आती है ना?"

"आता है. स्कूल में मार खाके सीखा. इसलिए हिंदी अच्छा है. हिंदी में मेरे को किसी ने नहीं मारा."

मी म्हटलं, उद्यापासून दोघांना वेगळं करतो, खोलीही आणि रोलरही.

"कमरा बदलो," सॉ म्हणाला. "रोलर मत बदलो."

"क्यों?"

"कोना अच्छा पकड़ता है."

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं म्यानमारच्या वाटेला पुन्हा जाऊ नये. पण मी जोड्या जमवणारा मनुष्य. त्या साली उत्कृष्ट कामगाराचं बक्षीस द्यायची टूम मीच काढली. मालक अबू राशिद यांना पटवलं की घड्याळं नि मिक्सर देण्यापेक्षा घरी जायचं विमानाचं तिकीट आणि भरपगारी रजा द्यावी. घरापासून दूर राहणाऱ्याला याहून मोठं सुख कोणतं? अबू राशिद म्हणाले, "माशाल्ला, तुला हृदय आहे." मला ते आहेच, अडचण वरच्या मजल्यावर आहे.

बक्षीस झॉला मिळालं. त्यानं एका वृद्ध पाहुण्याची कवळी उशीच्या अभ्र्यातून नेमकी रोलरच्या तोंडाशी पकडली होती. कॅन्टीनमध्ये सगळे जमले. शारजात दारूबंदी, त्यामुळे चहा, लबान म्हणजे ताक आणि समोसे. मी भाषण केलं. 'ज्यानं एका माणसाला त्याचं हसू परत दिलं, त्याला आज आपण त्याच्या आईकडे पाठवतो आहोत,' असं एक वाक्य मी आदल्या दिवशीच बायकोवर वाजवून पाहिलं होतं. टाळ्या पडल्या. झॉनं दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, कमरेत वाकला आणि पाकिटावरचं यांगून विमानतळाचं नाव वाचत तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरलेले पाहून मी अबू राशिदना कोपरखळी मारली, बघा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉ केबिनच्या दारात. "सर, टिकट वापस लो."

मला वाटलं, झाला हेवा. वयानं थोरल्याला वाटायचंच. मी गोड आवाज काढला. "अगले साल तुमको, मिन. पक्का."

सॉनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही न निघणाऱ्या डागाकडे पाहतो. मग पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला.

"सर, उधर अभी कानून है. जवान लड़का को मिलिटरी में जबरदस्ती लेता है. इसका उमर का लड़का एयरपोर्ट पे उतरा, तो बाहर आएगा कि नहीं मालूम नहीं. बाल काटेगा, बंदूक देगा, हमारा पहाड़ में भेजेगा. मेरी बहन का लड़का उधर है."

"पण झॉ कशाला गोळी चालवेल? त्याचा भाऊच..."

"अच्छा लड़का है. अच्छा लड़का भी चलाता है सर, जब पीछे ऑफिसर खड़ा है." तो उठला. "इधर चादर पकड़ता है. इधर रखो."

मी झॉला बोलावलं आणि थाप मारली की कंपनीनं योजना रद्द केली, इन्शाल्ला पुढल्या वर्षी बघू. मी खोटं बोलताना माझा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा होतो, असं बायको म्हणते. झॉनं ऐकून घेतलं.

"सर, सॉ दादा ने बोला ना?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"मेरे को मालूम है पकड़ेगा. शायद नहीं भी पकड़ेगा. माँ अकेली है. भाई को मिलने जेल का दरवाज़ा पे जाती है, वापस आती है, घर में कोई नहीं." त्यानं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "आप टिकट ले लो. मैं पगार से लेगा. लेकिन मैं जाएगा."

मी त्या दिवसापर्यंत त्याच्या तोंडून 'येस सर' आणि ते मंडालेचं बोलणं सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. तिकीट नव्हतं तोवर त्याला जाणं सुचलंही नव्हतं, तो विचार मी समोसे वाटून त्याच्या डोक्यात घातला होता. आता तो काढायचं कोणतंही केमिकल माझ्याजवळ नव्हतं.

दोन दिवसांनी भर कामात रोलर थांबला. तो बंद करायचा अधिकार फक्त बशीरभाईंचा, आणि बशीरभाई तर माझ्याशेजारी उभे. आम्ही धावलो. बटण सॉनं दाबलं होतं. हातातला कोपरा न सोडता तो झॉशी बोलत होता. सावकाश, खालच्या आवाजात, थांबून थांबून.

"सर," बशीरभाई माझ्या कानात कुजबुजले, "बर्मी बोल रहा है!"

सगळ्यांचे हात थांबले. ड्रायरसुद्धा कुणीतरी बंद केले. एक शब्द कळत नसताना आम्ही सगळे नेपाळी, मलबारी, बंगाली आणि एक मराठी असे जागेवर उभे होतो. झॉ मध्येच काहीतरी जोरात म्हणाला. सॉनं आवाज चढवला नाही, तेच पुन्हा सांगितलं. शेवटी झॉ ट्रॉलीवर बसला आणि एका पंचतारांकित हॉटेलच्या उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून रडला. तो अभ्रा परत धुवावा लागला.

सॉ माझ्याकडे आला. "सर, टिकट बैंकॉक का करो."

"बँकॉक? आई तर मंडालेत आहे."

"माँ को हम निकालेगा."

'हम' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. पुढं थोडं थोडं कळलं. बस, कुणाची तरी जीप, काही पायपीट, आणि वाटेत ठिकठिकाणी सॉच्या ओळखीतले, त्याच्या चर्चमधले लोक. फोनवर कुणी काय ऐकत असेल याचा भरवसा नाही, म्हणून सॉनं झॉच्या आईला स्वतः फोन करून एवढंच सांगितलं की माझ्या बहिणीला शिवणकामात मदतीला एक बाई हवी आहे, तुम्ही याल का? त्या बाईनं आयुष्यात सॉला पाहिलेलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं, काम किती दिवसांचं? तो म्हणाला, बरंच आहे.

तिकीट बदलायचं काम माझं. तिथं कॉम्प्युटर आडवा आला. रजेचं तिकीट 'होम कंट्री'चंच, थायलंडचं निघेना. ऑफिसातली मुलगी म्हणाली, "सर, सिस्टम नहीं ले रहा." मी अबू राशिदकडे गेलो आणि जे घडलं ते सगळं, माझ्या मूर्खपणासकट, सांगितलं. ते माळेचे मणी सरकवत ऐकत होते.

"त्याची आई कुठे असेल?"

"थायलंडात. पोचली तर."

"आई जिथं, ते घर. खलास." त्यांनी फोन उचलला आणि अरबीत कुणाला तरी असं झापलं की सिस्टमनं निमूट घेतलं.

आई वाटेत होती ते दिवस कसे गेले, मी सांगू शकत नाही. झॉ यंत्रासारखा काम करायचा. सॉचा फोन खिशात थरथरला की दोघं एकाच वेळी थबकायचे. एका सकाळी सॉनं फोन वाचला, झॉकडे मान हलवली आणि मला म्हणाला, "कपड़ा पहुँच गया." तेवढ्यात रोलरवरची चादर जळाली. मी कुणाला काही बोललो नाही.

झॉ गेला. मी घरी वीर म्हणून मिरवत होतो. रविवारी दुपारी जेवताना सगळी हकीकत मुलीला सांगितली. ती इथंच वाढलेली, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिनं सॉच्या बहिणीच्या गावाचं नाव विचारलं आणि फोनवर नकाशा उघडला.

"बाबा, डिड यू इव्हन लुक अ‍ॅट द मॅप?"

"सरहद्दीजवळ आहे कुठेतरी."

"इट इज द बॉर्डर! पलीकडे नदी, अँड अक्रॉस द रिव्हर आर द ट्रेनिंग कॅम्प्स. मिलिटरीविरुद्ध लढायला त्याच्यासारखीच मुलं सिटीज सोडून तिथं जातात. यू टूक अ बॉय विथ अ ब्रदर इन जेल, अँड यू बॉट हिम अ टिकट टू द वॉर."

"अहो, वरण गार होतंय," बायको म्हणाली. वरण गारच राहिलं.

सोमवारी मी सॉला गाठलं. "तुला ठाऊक होतं? तो नदी ओलांडेल म्हणून?"

"मालूम था. बहन बोलती है, रोज़ शाम को नदी पे जाके बैठता है."

"मग? तुमच्याच बाजूनं लढेल. तुला चांगलंच आहे की!"

हे मी चिडून बोललो. सॉ चिडला नाही. त्याच्या समोर झॉच्या जागी उभ्या असलेल्या नवख्यानं तेवढ्यात तिसरी चादर वाकडी घातली होती, ती तो ओढून काढत होता.

"नहीं सर. उसका बंदूक मेरे को नहीं चाहिए. उधर का भी नहीं, इधर का भी नहीं. बहुत है हमारे पास लड़का लोग, मरने के लिए." चादर त्यानं धुण्याच्या ढिगात फेकली. "मेरे को रोलर पे आदमी चाहिए."

मला सॉबद्दल जे वाटतं ते इथंच सांगून टाकतो, कारण त्याच्या तोंडावर सांगितलं तर तो माझ्याकडे डागाकडे बघावं तसं बघेल. माफ करून भलं करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं कौतुक ऐकून घेणंही त्यांना आवडतं. सॉनं काहीच माफ केलं नव्हतं. त्याचं जळलेलं गाव त्याच्या डोळ्यांपुढून हललेलं नव्हतं. ते तसंच ठेवून, ज्या लोकांवर त्याचा राग त्यांतल्या एका बाईसाठी त्यानं आपल्या माणसांना धोक्यात घातलं होतं. आणि वर चादरीच्या चुणीवरून कुरकुर करत होता.

रजा संपली. विमान शारजाला सकाळी उतरणार होतं. झॉचा फोन बंद. दुपार झाली तरी बंद. बशीरभाई म्हणाले, ट्रॅफिक असेल. विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण शारजात हे कारण कधीही खोटं ठरत नाही, म्हणून आम्ही ते धरून बसलो. सॉ मान खाली घालून चादरी घालत होता. मी केबिनमध्ये बसून नवख्याला त्या जागेवर कायम करायचं कसं, याचा विचार करायचं नाटक करत होतो.

चहाच्या वेळी मागच्या दारातून झॉ आत आला. पाठीवर बॅग, दाढी वाढलेली, फोनची बॅटरी मेलेली. बॅग उशिरा सापडली म्हणून विमानतळावर अडकला होता, एवढंच. कुणी मिठी-बिठी मारली नाही. बशीरभाईंनी त्याच्या टाळक्यात एक टपली मारली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"आलास कसा?" मी विचारलं. म्हणजे खरं तर 'का' असं विचारायचं होतं.

"माँ बोली, एक बेटा अंदर है. एक को बाहर रहने दो."

मग त्यानं बॅगेतून स्टीलचा एक डबा काढला आणि दोन्ही हातांनी सॉपुढं धरला. ब्रह्मदेशात चहाची पानं मुरवून खातात, आपल्या लोणच्यासारखी. पाहुण्याला तीच देतात. मंडालेतून निघताना त्या बाईनं बरोबर घेतलेल्या मोजक्या वस्तूंत हा डबा होता. बसमधून, जीपमधून, चौक्यांवरच्या झडत्यांतून तिनं तो आणला होता. शिवणकामाला बाई हवी असं फोनवर सांगणाऱ्या माणसासाठी.

सॉनं झाकण उघडलं. चिमूटभर तोंडात टाकून सावकाश चघळलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"कैसा है?" बशीरभाईंना राहवेना.

"तेल ज़्यादा," सॉ म्हणाला. अजून एक चिमूट. "नमक भी ज़्यादा. बामा लोग को बनाना नहीं आता."

"माँ ने बनाया," झॉ हसत म्हणाला.

"माँ को बोलो, मेरी बहन से सीखे." आणखी एक चिमूट. "लहसुन कच्चा रह गया."

मी हात पुढं केला, तर सॉनं डबा या हातातून त्या हातात घेतला. ट्रक आला, माल उतरला, चहाची वेळ संपली. सॉ भिंतीला टेकून नावं ठेवतच होता, डबा मात्र त्यानं खाली ठेवला नाही.